फार्मवरच्या पंधरा कोंबड्या परसात आणायच्या? आधी जुलैतली कोरडी जागा मोजा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते इतरांनाही कळेल. गुहागर तालुक्यात घर, मागे नारळ-पोफळीची वाडी, चिऱ्याचं जुनं खुराडं आणि त्यात पाच गावठी कोंबड्या, एक कोंबडा. अंडी घरालाही पुरत नाहीत. कराडकडे ओळखीच्या एकाच्या लेयर फार्मवरून, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या फार्मवरून, जुनी बॅच निघते आहे. तिथल्या पंधरा कोंबड्या वजनाच्या भावाने मिळताहेत, नाहीतर त्या कापायलाच जाणार. त्या मे संपायच्या आत आणून आहे त्याच खुराड्यात सोडाव्यात का, जागा किती लागेल, खायला काय घालावं आणि दुसरा कोंबडा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

आणा, पण मे महिन्यात नको, नवरात्र उलटल्यावर आणा. पंधरा नको, आठ आणा. आणि आणल्यावर महिनाभर त्यांचा नि तुमच्या गावठी कोंबड्यांचा काही संबंध येऊ देऊ नका. ही बॅच हातची गेली तरी वाईट वाटून घेऊ नका. लेयर फार्मवरून वर्षभर कुठली ना कुठली बॅच निघतच असते.

आपल्याकडे कोंबड्या किती पाळाव्यात हे वाडीच्या गुंठ्यांवर ठरत नाही. जानेवारीत तुमच्या वाडीत पन्नास कोंबड्याही मजेत चरतील. मृगाचा पाऊस लागला की त्याच कोंबड्या पडवीच्या कडेला अंग फुलवून, एका पायावर उभ्या राहतात आणि दिवसचे दिवस तिथून हलत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत कोंबडीला पाय टेकायला जेवढी कोरडी जमीन मिळेल, तेवढाच तुमचा कळप. कोकणात कोंबड्या वाढवायच्या ठरवणारे बहुतेक जण हा हिशोब उन्हाळ्यात करतात आणि तिथेच फसतात.

नुसतं रात्री झोपायला एका कोंबडीला दोन चौरस फूट पुरतात. पण पावसात ती दिवसाही आतच राहणार, म्हणून चार चौरस फूट धरा. तुमची सहा आणि नवी आठ मिळून चौदा पाखरं, म्हणजे छप्पन्न चौरस फूट. सात बाय आठची कोरडी, छपराखालची जागा झाली. चिऱ्याचं जुनं खुराडं एवढं मोठं नसतं, ते सहा जणांना ठीक आहे. नवीन बांधण्याआधी गोठ्याकडे नाहीतर मांगराकडे, म्हणजे शेतातल्या खोपटाकडे, एकदा बघून या. गुरं गेल्यामुळे निम्म्या कोकणातले गोठे आज रिकामे आहेत. जोतं उंच, वर कौलं, आत कातळ नाहीतर कोबा, अशी जागा कोंबड्यांना नव्याने बांधून मिळणार नाही. एका बाजूला अर्ध्या इंची वेल्डमेश लावून घेतली की काम झालं. बाजारात मिळणारी षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला किंवा कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, तेव्हा दक्षिण आणि पश्चिम बाजूला पागोळी निदान तीन फूट बाहेर काढा. एक चूक मात्र दर पावसाळ्यात घरोघरी दिसते. गारठ्याच्या भीतीने चारी बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधून टाकतात. कोंबडीला गारठा सोसतो, कोंदटपणा सोसत नाही. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वासाचे आजार तिथूनच सुरू होतात. छपराखाली चारी बाजूंनी फूटभर जागा उघडी ठेवा, खाली हवं तेवढं बंद करा. आत वाकून उभं राहिल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर कोंबड्यांना ते कधीचं झोंबतंय.

जमिनीवर भाताचं तूस तीन-चार इंच जाडीचं घाला. गिरणीवरून ते दिवाळीच्या सुमारास सहज मिळतं, जूनमध्ये मिळालं तरी ओलंच मिळतं. म्हणून मे महिन्यात उन्हात कडक वाळवून पोत्यांत भरून माळ्यावर टाकून ठेवा. गादी ओली आहे की नाही हे बघायला मूठभर तूस उचलून घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर ते लगेच सुटं झालं तर उत्तम. गोळा राहिला तर वरचा थर काढून थोडा विझवलेला चुना भुरभुरवा आणि नवं तूस घाला. तळहात ओला झाला तर सगळंच काढायचं. काजूची टरफलं स्वस्त मिळतात म्हणून काही जण तीच पसरतात. त्यांत चीक असतो, त्याने पाय भाजतात. ती चुलीलाच जाऊ देत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी करत नाही. जुन्या पिंपाचा अर्धा तुकडा घेऊन त्यात कोरडी माती आणि चुलीतली राख मिसळून आतल्या कोपऱ्यात ठेवा. कोंबडी धुळीत लोळून अंगावरच्या उवा झाडते. चार महिने बाहेर नुसता चिखल असल्यावर तिने लोळायचं कुठे? ऑगस्टमध्ये कुणाची कोंबडी उलटी धरून शेपटीखालची पिसं फुंकून बघितली तर उवा सुसाट पळताना दिसतात. जुन्या चिऱ्यांच्या भेगांत तर रात्री बाहेर पडणारे लाल किडेही असतात, म्हणून पावसाआधी भिंतींना चुना मारून भेगा लिंपून घ्या.

आता या फार्मवरच्या कोंबड्यांविषयी. साधारण अठराव्या-विसाव्या आठवड्यात त्या अंडी द्यायला लागतात आणि बहात्तर ते ऐंशी आठवड्यांच्या झाल्या की फार्मवाल्याला परवडत नाहीत. परवडत नाहीत म्हणजे आटल्यात असं नाही. शंभर कोंबड्यांमागे दिवसाला साठ-सत्तर अंडी तेव्हाही पडत असतात, फक्त खाद्याचा खर्च सुटत नाही. तुमची गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देत असेल, तर फार्मवरची म्हातारीही तिच्या पुढेच असते. पण घाट उतरून जागा बदलली की बहुतेक जणी पिसं टाकतात आणि दोन-तीन महिने एकही अंडं देत नाहीत. त्यानंतर वर्षभर आठवड्याला तीन-चार अंडी मिळाली तर चांगलं झालं म्हणा. पुढे अंडं मोठं आणि कवच पातळ होत जातं. पोटात अंडं अडकणं, फुटणं, अचानक मरणं हे या जातीत जास्त. त्यांच्या शरीराकडून वर्षभरात तीनशेच्या वर अंडी काढून घेतलेली असतात, त्याची किंमत कुठेतरी वसूल होणारच. आटल्यावर त्या ताटात जाणार की मरेपर्यंत वाडीत फिरणार, हे घरात आणण्याआधीच ठरवून टाका. आषाढात वड्यांचं पीठ भिजल्यावर हा वाद काढू नये.

तुम्हाला निव्वळ अंडीच हवी असतील तर सरळ सांगतो, आठ ते बारा आठवड्यांच्या, लसी झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घ्या. हैदराबादच्या केंद्रीय संस्थेने काढलेली ग्रामप्रिया परसात वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. वनराज वजनाला चांगला, अंड्यांना मध्यम. बंगळुरूचा गिरिराज आणि कावेरीही आपल्याकडे टिकतात. कडकनाथच्या नादाला अंड्यांसाठी लागू नका. त्याचं मोल मांसाला आहे आणि तेही गिऱ्हाईक असेल तर. पण तुमच्या लिहिण्यात 'नाहीतर त्या कापायलाच जाणार' हे वाक्य आहे, म्हणजे तुम्ही नुसत्या अंड्यांचा विचार करत नाही असं दिसतं. तर मग आठ आणा. पंधरा कोंबड्यांना रोज प्रत्येकी एकशे दहा ग्रॅम धरलं तरी महिन्याला पन्नास किलोचं एक अख्खं पोतं लागतं, आणि पहिले दोन-तीन महिने ते पोतं अंड्यांविना जातं. आठ जणींचा भार झेपतो.

फार्मवर गेल्यावर ते लोक पुढ्यातला पिंजरा उघडून आठ कोंबड्या भराभर पोत्यात घालतील. घालू देऊ नका. एकेक हातात घ्या. पंखांवरून दोन्ही हातांनी धरायचं, पायांना धरून उलटी लटकवायची नाही. वर्षभर कॅल्शियम अंड्यांच्या कवचात गेल्यामुळे यांची हाडं इतकी ठिसूळ झालेली असतात की झटक्यात मोडतात. छातीचं हाड चाचपा. सुरीसारखं टोचलं तर ती फारच खंगलेली आहे. शेपटीखाली बोटं लावा. गुदद्वार मोठं, ओलसर आणि दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसत असली तर ती अंड्यावर आहे. एक बोट जेमतेम बसलं तर आटली. तुरा फिकट आणि एका बाजूला पडलेला असेल, त्याने बिचकू नका, पिंजऱ्यात तो तसाच होतो, उन्हात आल्यावर लाल होईल. पिसं झडलेलीही चालतील. न चालणाऱ्या गोष्टी म्हणजे डोळ्यात फेस, नाकपुडी दाबल्यावर येणारा चिकट पातळ स्राव, तोंडाला येणारा कुजका वास, सुजलेला चेहरा. अशी एक जरी दिसली तरी त्या शेडमधली एकही घेऊ नका. आणि निघताना लसीकरणाचं वेळापत्रक मागून घ्या. कागद नसला तर मॅनेजरला विचारून लिहून घ्या.

आणायचं रात्री. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये सैल बसवायच्या, कुंभार्ली घाट पहाटे उतरायचा, म्हणजे उन्हाआधी घरी. वाटेत आठवडा बाजार लागला म्हणून तिथे गाडी थांबवून आणखी एक गावठी तलंग विकत घेऊ नका. बाजारात दहा गावांची पाखरं एकत्र येतात आणि कुणाच्या घरी मर लागली की आधी तिथेच विकायला काढतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नवी पाखरं तुमच्या खुराड्यापासून लांब, घराच्या दुसऱ्या अंगाला, तीस दिवस वेगळी ठेवायची. भांडी वेगळी, चपला वेगळ्या. सकाळी आधी जुन्यांचं करायचं, मग नव्यांचं, आणि त्यानंतर हात-पाय धुतल्याशिवाय जुन्यांकडे परत जायचं नाही. निरोगी दिसणारी कोंबडी निरोगी असतेच असं नाही, म्हणून एवढा खटाटोप. मायकोप्लाझ्माची सर्दी एकदा होऊन गेलेली कोंबडी बरी दिसते पण जन्मभर तो रोग बाळगते, अंड्यातून पिल्लांनाही देते. लस घेतलेली फार्मवरची कोंबडी राणीखेतच्या, म्हणजे मानमोडीच्या, विषाणूने स्वतः आजारी पडत नाही, पण तो बाहेर टाकू शकते. तुमच्या गावठींना बहुधा कधी लसच मिळालेली नाही, त्या चार दिवसांत आडव्या होतील.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या पायाखाली तार असते, विष्ठा खाली पडून जाते. त्यामुळे रक्ती हगवणीच्या कॉक्सिडियाशी किंवा जंतांशी तिची गाठच पडलेली नसते आणि अंगात प्रतिकारही तयार झालेला नसतो. तुमच्या गावठी लहानपणापासून त्या मातीत चोची मारून पोसल्यात. हे जंतू ओल्या, उबदार जमिनीत झपाट्याने वाढतात. मेअखेर आणून जूनच्या चिखलात सोडलं तर त्या म्हाताऱ्यांना पहिली भेट याचीच होणार. नवरात्रानंतर आणल्या तर आठ महिने कोरड्या जमिनीवर, थोड्या थोड्या जंतूंशी ओळख करून घ्यायला मिळतात. मे महिन्याला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

नव्या वेगळ्या ठेवलेल्या त्या महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी रात्री, सगळ्या शांत झाल्यावर, बॅटरी न लावता त्यांच्याजवळ जाऊन पाच मिनिटं नुसतं ऐका. दिवसाच्या कलकलाटात न कळणारी घरघर, शिंक, श्वास घेताना येणारा टिचटिच आवाज अंधारात स्पष्ट ऐकू येतो. ऐकू आला तर पशुवैद्यकांना दाखवा, स्वतःच्या मनाने मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाण्यात घालू नका. औषध चालू असताना आणि नंतर सांगतील तितके दिवस अंडी खायची नसतात. सगळं ठीक वाटलं तर शेवटच्या दहा दिवसांत तुमच्या पाचांतली एक, जिच्यावर जीव फारसा जडलेला नाही अशी, नव्यांत नेऊन ठेवा. ती धडधाकट राहिली तर बाकीच्यांनाही धोका कमी. निष्ठुर वाटेल, पण पाचही जाण्यापेक्षा बरं.

पहिल्या दिवशी त्या क्रेटमधून बाहेर यायलाच तयार होणार नाहीत. मुख्य अडचण पाण्याची. फार्मवर त्या निपलला, म्हणजे नळीच्या बारीक तोटीला, चोच लावून पाणी पितात, भांड्यातलं पाणी हे पाणी आहे हे त्यांना कळत नाही. भरल्या भांड्यासमोर तहानेने झोपून गेलेली कोंबडी बघायला मिळते. प्रत्येकीची चोच हलकेच पाण्यात बुडवा, नाहीतर आठवडाभर निपलची बाटली टांगा. चोचीचं टोक लहानपणीच कापलेलं असतं, त्यामुळे जमिनीवर फेकलेले दाणे त्यांना नीट टिपता येत नाहीत. खोलगट भांड्यात खाद्य द्या. आणि पहिल्या दिवसापासून वाडीत मोकळं सोडू नका. ऊन, वारा, माती, सगळंच नवं असतं. आधी दोन-तीन दिवस आतच, मग जाळीतल्या सावलीत. माडीवर म्हणजे बांबूवर चढून बसायचं असतं हेही त्यांना माहीत नाही, कोपऱ्यात एकमेकींवर रचून झोपतात. जमिनीपासून फूटभरच उंच, दोन इंच रुंदीची लाकडी रीप लावा आणि अंधार पडल्यावर एकेकीला उचलून तिच्यावर बसवा. चार-सहा रात्रींत शिकतात.

राणीखेतची लस तुमच्या गावठींना नवी पाखरं यायच्या निदान तीन आठवडे आधी मिळायला हवी. आधी लासोटाचा थेंब डोळ्यात, नंतर काही आठवड्यांनी आरटूबीची सुई, असा क्रम पशुवैद्यक सांगतील. आरटूबी आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना द्यायची नाही, आणि अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिली तर काही दिवस अंडी घटतात. लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते, एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कुपी फोडायची म्हणजे बाकीची वाया. तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवा. थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची आणि पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी, घरोघर फिरायचं. शेजारच्या घरी मानमोडी आली तर तुमच्या एकट्याच्या लसीला काय अर्थ? कोंबड्या गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओळखत नाहीत. या रोगाला औषध नाही, हिरवट-पांढरी हगवण आणि मान वळणं सुरू झाल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं.

महिना झाल्यावर एकत्र करायचं, पण तेही एकदम नाही. आठ-दहा दिवस मधे जाळी ठेवा, एकमेकींना दिसू देत, टोचता येऊ नये. मग एका रात्री नव्यांना उचलून जुन्यांशेजारी बसवा. सकाळी उजाडायच्या आत तुम्ही तिथे हजर पाहिजे. भांडणं होणारच, कोण वरचढ हे ठरल्याशिवाय कळप शांत होत नाही, आणि इथे गावठींच्या चोची शाबूत आहेत, नव्यांच्या कापलेल्या. खाद्याची निदान तीन भांडी लांब लांब ठेवा, मधे एखादी फळी, टोपली आडवी टाका, म्हणजे मार खाणारीला आडोसा मिळतो. नुसती टोचाटोची असेल तर मधे पडू नका. रक्त दिसलं की मात्र त्या क्षणी वेगळी काढा, जखमेवर जेन्शियन व्हायलेट लावा, कारण लाल रंग दिसला की सगळ्याच तिथे तुटून पडतात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली किंवा पिल्लंवाली गावठी या गोंधळात ठेवूच नका. आणि पुढे कधी एकटीदुकटी कोंबडी आणून कळपात सोडू नका, निदान तिघी एकदम.

खाद्याचं. तयार लेयर खाद्य हाच पाया ठेवा, त्यात सोळा ते अठरा टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. कणी, नाचणी, घरातलं उरलंसुरलं हे वरचं. नुसत्या भातावर फार्मवरची कोंबडी महिन्याभरात आटते. लहान पिल्लांना आणि तलंगांना मात्र लेयर खाद्य घालू नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. पावसात पंधरा दिवसांपेक्षा जास्त खाद्य भरू नका. झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून उंच ठेवा. कुबट वास आला, गाठी झाल्या की फेकून द्या, वाळवून परत घालण्याची काटकसर अंगाशी येते. बुरशीचं विष उन्हाने जात नाही. शेंगदाणा आणि खोबऱ्याच्या पेंडीत ते लवकर होतं.

कॅल्शियमला पैसे घालवायची गरज समुद्राकाठच्या माणसाला नाही. कालवांची, तिसऱ्यांची शिंपलं गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन खारटपणा काढा, वाळवा, चुलीवर भाजा आणि कुटा. कणीएवढे तुकडे ठेवा, पूड करू नका. पूड लगेच पोटातून पुढे जाते. तुकडे पेषणीत रेंगाळतात आणि रात्रभर कॅल्शियम सुटत राहतं, कवच तयार होतं तेही रात्रीच. वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवं ती खाईल. न खारवलेला सुका जवळा थोडा चालतो. खारं सुकट आणि खारवणीचं पाणी कोंबड्यांपर्यंत पोचू देऊ नका, मिठाने त्या मरतात. मासळीचं जास्त झालं तर अंड्याला वशाट वास येतो, मग घरातली मुलं अंडं तोंडात घेत नाहीत. हिवाळ्यात दिवस अकरा तासांवर येतो तेव्हा फार्मवाले दिवे लावून उजेड चौदा-सोळा तास करतात. तुम्ही लावू नका. त्या कोंबड्यांना जरा विसावा मिळू दे.

जनावरांचा धोका नव्यांना जास्त. पांढऱ्या रंगाची, कधी उडायला न शिकलेली कोंबडी घारीला आणि मुंगसाला लांबून दिसते. गावठीने आरोळी ठोकली की बाकीच्या गावठी झुडपात घुसतात, ही मधेच मान वर करून बघत उभी राहते. पहिले दोन महिने कुणी घरात असेल तेव्हाच सोडा आणि तिन्हीसांजेच्या अर्धा तास आधी आत घाला. त्यांना आपणहून घरी यायची सवय नाही, डबा वाजवून खाद्य घालायचं, त्या आवाजावर येतात. रात्री रानमांजर, कांडेचोर म्हणजे उदमांजर, कधी बिबट्या. खाद्य सांडलं की उंदीर येतात, उंदरांमागून नाग, आणि अजगर तर थेट कोंबड्यांसाठीच. फासकी लावू नका. उंदीर सोडले तर ही सगळी जनावरं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, आणि कोंबडीचोरासाठी लावलेल्या फासकीत काय अडकेल ते सांगता येत नाही. साप-अजगर शिरला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

बर्ड फ्लूची भीती तुम्ही विचारली नाहीत, पण कळप वाढवणाऱ्याने तो विषय मनात ठेवावा. देशात तो पहिल्यांदा निघाला तो आपल्याच राज्यात, नवापूरला, २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत सापडला. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला परसातल्या कोंबड्यांतच निघाला. असं झालं की एक किलोमीटरच्या आतली सगळी पाखरं मारली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. भरपाई सरकारने मारलेल्या पाखरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून दोन दिवसांत तीन-चार कोंबड्या अचानक गेल्या, किंवा वाडीत कावळे मरून पडलेले दिसले, तर खड्ड्यात पुरून गप्प बसू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ वर कळवा आणि मेलेलं पाखरू उघड्या हाताने उचलू नका.

राहिला कोंबडा. दुसरा नको. आठ-दहा कोंबड्यांना एक हे माप, तेरांनाही तुमचा एक पुरेल. अंडी घालायला तर कोंबडा लागतच नाही. दोन झाले की आपसात लढतील आणि त्या म्हाताऱ्यांच्या पाठी सोलून काढतील. एकाच कोंबड्यानेही त्यांच्या पाठीची पिसं जाताना दिसली तर त्याला दिवसाआड वेगळा कोंडा. त्याचा खरा उपयोग डिसेंबरात होईल. नव्यांनी परत अंडी सुरू केली की त्यांतली ताजी, आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी पेन्सिलीने खूण करून एखाद्या खुडूक गावठीखाली रवणीला ठेवा. फार्मवरच्या कोंबड्या स्वतः सहसा खुडूक बसत नाहीत, पण त्यांची अंडी गावठी विनातक्रार उबवते. सातव्या दिवशी रात्री बॅटरीवर धरून बघा, आत शिरा दिसल्या नाहीत ती काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील, पहिल्याच आठवड्यात त्यांना लासोटाचा थेंब द्या. त्यांतल्या तलंगा पुढच्या पावसाळ्यात अंड्यावर येतील आणि आयांपेक्षा कमी पण गावठीपेक्षा बरीच जास्त अंडी देतील. फक्त अंडी त्याच कोंबड्यांची घ्या, ज्या महिनाभराच्या वेगळ्या मुक्कामात एकदाही शिंकल्या नाहीत.